टोकावरचं गंधक

भावोजी रविवारी सकाळी फोन न करता आले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. हा माणूस स्वतःच्या सासुरवाडीलासुद्धा आधी वेळ ठरवून जातो. त्यांनी दारात चपला काढल्या, एका रेषेत लावल्या, सोफ्याच्या कडेवर बसले आणि चहा नको म्हणाले. धाकट्या बहिणीचा नवरा चहा नको म्हणतो तेव्हा एक तर घरात काहीतरी बिनसलेलं असतं, नाहीतर प्रयोगशाळेत. घरात बिनसलं असतं तर धाकटीने मला ते आदल्या दिवशीच तिखटमीठ लावून सांगितलं असतं.

"ताई, तुमचा तो ठिपका आमच्याकडे दिसत नाही," ते म्हणाले.

मला राग लवकर येतो. ही कबुली नाही, माहिती आहे. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या कोणालाही विचारा. पण त्या सकाळी राग यायच्या आधी भीती वाटली, कारण भावोजी चुकत नाहीत. वीस माणसांत नाकाने कांदे सोलणारा म्हणून मी त्यांची थट्टा करते, पण त्यांनी मोजलं म्हणजे ते मोजलेलं असतं.

आता ठिपका म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. काही जिवाणू गंधकावर जगतात. गंधकाच्या संयुगांतले इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, त्या ऊर्जेवर पोट भरायचं आणि उरलेलं सल्फेट म्हणून बाहेर टाकायचं, असा त्यांचा संसार. हे काम एका एन्झाइमला झेपत नाही. तीनचार एन्झाइम मिळून ते करतात, आणि त्यांच्या मधे एक वाहक प्रथिन येरझाऱ्या घालतं. या वाहकाला एक लवचीक हात असतो आणि हाताच्या टोकाला गंधकाचा एक अणू. पहिलं एन्झाइम त्या टोकावर माल चिकटवतं. मग तो हात दुसऱ्या एन्झाइमच्या खोबणीत शिरतो, ते मालाचा एक तुकडा कापतं. मग तिसऱ्याच्या खोबणीत, ते उरलेल्या गंधकाचे इलेक्ट्रॉन काढून घेतं. शेवटी पुन्हा एकदा कापणी होते आणि हात मोकळा होतो. पुस्तकात तरी असंच दिलेलं आहे.

आमच्या जिवाणूचा हात मात्र मोकळा होत नव्हता. आमचं म्हणणं असं, की टोकावर गंधकाचा एक जास्तीचा अणू कायम बसलेला असतो आणि नवा माल त्याच्यावर चढतो. धाकटीला मी हे आमच्या डब्यावरून समजावलं होतं. आम्हा बहिणींमध्ये स्टीलचा एक डबा वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरतो आणि तो कधी रिकामा परत जात नाही. अगदीच काही नसलं तर दोन बिस्किटं, पण रिकामा नाही. ती म्हणाली, एवढंच ना, मग यात शोधनिबंध काय लिहायचा.

निबंध लिहायचा, कारण ते डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रथिनाचे स्फटिक बनवून त्यांच्यावर क्ष-किरण सोडले, की गणिताअंती पडद्यावर निळ्या जाळीचा एक नकाशा उमटतो. जिथे अणू आहे तिथे जाळी दाट. वाहकाचा हात एन्झाइमच्या खोबणीत अडकलेला असतानाचा स्फटिक आमच्या हाती लागला, आणि हाताच्या टोकापुढे, जिथे काही असायला नको तिथे, जाळीचा एक टपोरा गोळा दिसला. तो ठिपका.

तो पाहिला माझ्या विद्यार्थिनीने, शंकाने. हे तिचं खरं नाव नव्हे. माझ्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे कशावरून असं विचारलं, तेव्हापासून सगळे तिला शंका म्हणतात. घड्याळ मागे होतं, ही गोष्ट वेगळी. तिचा अख्खा प्रबंध त्या ठिपक्यावर उभा होता. तोंडी परीक्षा तोंडावर आलेली. ठिपका गेला, तर प्रबंधात उरत होतं ते इतकंच, की वाहकाचा हात लवचीक असतो. ते जगाला आधीच माहीत होतं.

"म्हणजे आम्ही खोटं लिहिलं?" मी भावोजींना विचारलं.

तसं नाही म्हणाले. जनुक तुमच्याकडूनच घेतलं, प्रथिन तुमच्या निबंधातल्या पद्धतीने शुद्ध केलं, स्फटिकही उत्तम आले. खोबण आहे, हात आहे, टोक आहे. टोकापुढे काही नाही. प्रथिनाचं वजनही करून पाहिलं, जास्तीचं काही नाही. तुम्हाला दिसलं तो कदाचित नकाशातला गोंगाट असेल. हे तुमचा निबंध छापणाऱ्या मासिकाला कळवावं लागेल, पण त्याआधी तुमच्या कानावर घालायला आलो. एवढं बोलून ते उठले, चपला घातल्या आणि गेले. मी दार जरा जोरातच लावलं.

त्यानंतरचा आठवडा घरात वाईट गेला. धाकटीने फोन करून विचारलं, मी कोणाची बाजू घेऊ. मी म्हटलं, तू बाजू घेऊ नकोस, तुला त्यातलं कळत नाही. त्यावर तिने फोन ठेवला, आणि बरोबरच केलं. आमचा तो डबा तेव्हा माझ्याकडे होता. फ्रिजवर पालथा पडला होता, आणि येता-जाता माझी नजर त्याच्यावर जायची. एकदा रागाच्या भरात तो तसाच रिकामा पाठवून द्यावा असं मनात आलं, पण तेवढी हिंमत झाली नाही.

शंकाला मी सोमवारी सांगितलं. ती रडली नाही, वादही घातला नाही. माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मॅडम, आणि तो ठिपका खरा असून गंधक नसेल तर?"

तिची ही शंका मला माहीत होती, आणि मला ती नको होती. आमच्या प्रथिनाचं वजन हवं त्यापेक्षा बत्तीसने जास्त भरत होतं. गंधकाच्या एका अणूचं वजन बत्तीस. पण ऑक्सिजनचा अणू सोळाचा, म्हणजे दोन ऑक्सिजन मिळूनही बत्तीसच. टोकावरच्या मूळ गंधकाला हवेतले दोन ऑक्सिजन चिकटले असते, तर तराजूला फरक कळला नसता, आणि आमचा नकाशा काही इतका स्वच्छ नव्हता की नुसत्या डोळ्यांनी निवाडा व्हावा. निबंध लिहितानाही तिने हे काढलं होतं. तेव्हा मी तिला, शक्यता कमी आहे, असं सांगून गप्प केलं होतं. शक्यता कमी होतीच. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि हे मला एका विद्यार्थिनीने सांगावं याचा मला राग आला. मग तिचा चेहरा पाहिला आणि राग ओसरला. तिच्या चेहऱ्यावर तिने प्रबंधात घातलेली सगळी वर्षं दिसत होती. ती घरी आईला काय सांगणार, हाच विचार माझ्या मनात पहिला आला.

मी भावोजींना फोन केला. म्हटलं, मासिकाला कळवायच्या आधी एकदा एकत्र करून बघू. जागा तुमची, रसायनं तुमची, हात आमच्या शंकाचे. भावोजी लगेच हो म्हणाले. मला वाटतं ते वाटच पाहत होते.

भावोजींची प्रयोगशाळा म्हणजे त्यांच्या चपलाच. प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी समोर, प्रत्येक नळाखालचं भांडं कोरडं. शंकाने बाह्या सरसावल्या आणि भावोजी तिच्या शेजारी उभे राहिले. मी एका उंच स्टुलावर बसून दोघांवर नजर ठेवली. पेशी फोडायचं द्रावण तयार करायचं होतं. शंकाने क्षार मोजले, पाणी घातलं, आम्लता तपासली. मग भावोजींनी हवा खेचणाऱ्या कपाटातून एक गडद रंगाची बाटली काढली आणि तिचं झाकण फिरवलं.

त्या बाटलीत काय आहे हे आमच्या धंद्यातल्या माणसाला डोळे मिटूनही कळतं. त्या रसायनाचं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे नुसतं मर्कॅप्टो म्हणतात. सडकी अंडी आणि जळकं रबर एकत्र केलं, की साधारण तसा वास येतो. हवेत प्रथिनांमधलं गंधक गंजतं, एकमेकांना चिकटतं. ते होऊ नये म्हणून प्रथिनांवर काम करणारा प्रत्येक जण द्रावणात थोडं मर्कॅप्टो टाकतो, स्वयंपाकात मीठ टाकावं तसं, विचार न करता.

शंका दोन पावलं मागे सरकली. ओढणी नाकाला लावली आणि दाराकडे बघू लागली.

"सर, मी जरा बाहेर थांबू का? याने माझं डोकं फार दुखतं."

मला परक्या ठिकाणी नखरे खपत नाहीत. मी स्टुलावरूनच म्हटलं, "आणि आपल्याकडे रोज काय करतेस मग?"

तिने आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. ओढणी तशीच नाकावर होती, त्यामुळे चेहऱ्यातले फक्त डोळे दिसत होते, आणि ते मोठे होत गेले.

"मॅडम, आपल्याकडे मी हे घालतच नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

भावोजींनी बाटलीचं झाकण हळूच लावलं. मर्कॅप्टोचं काम काय, तर गंधकाला जे काही जास्तीचं चिकटलेलं असेल ते सोडवणं. मूळ गंधकावर दुसरं गंधक बसलेलं असेल, तर ते त्यालाही उपटून काढतं, आणि ते वायू होऊन उडून जातं. त्या वायूलाही सडक्या अंड्यांचाच वास. म्हणजे भावोजींच्या खोलीत आमचा ठिपका उडून जात असेल, तेव्हा कोणाच्या नाकाला तो वेगळा कळणंही शक्य नव्हतं.

भावोजींनी टेबलाच्या खणातून आमच्या निबंधाची प्रत काढली. पद्धतीच्या परिच्छेदात बोट फिरवत ते थांबले आणि प्रत माझ्यासमोर धरली. प्रथिनाचे शुद्धीकरण आमच्या आधीच्या निबंधाप्रमाणे केले, असं तिथे लिहिलं होतं. ते वाक्य माझं. आमच्या धंद्यात हे वाक्य सगळेच लिहितात. नवा निबंध जुन्याकडे बोट दाखवतो, जुना त्याहून जुन्याकडे, आणि सगळ्यात तळाच्या निबंधात कोणीतरी कधीतरी खरंच काय केलं ते लिहिलेलं असतं. असली वाक्यं कोणी वाचत नाही. भावोजींनी वाचलं. त्यांनी आमचा जुना निबंध शोधून काढला, त्यात मर्कॅप्टो होतं, आणि त्यांनी ते अगदी मापात घातलं.

माझं तोंड शंकावर ओरडायला उघडलं होतं. पण ओरडणार काय? तिने माझं ऐकलं असतं, तर तो ठिपका जगात कोणालाच दिसला नसता. मला राग आलेला होता, पण त्याला टेकायला जागा सापडेना.

तेवढ्यात भावोजी हसायला लागले. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना फक्त ओठांनी हसताना पाहिलं होतं. आता ते टेबलाला धरून हसत होते.

"ताई, म्हणजे मी तुमचं गंधक धुऊन टाकलं, आणि मग ते सापडत नाही म्हणून तुमच्या घरी तक्रार घेऊन आलो."

पण हसण्याने पुरावा होत नाही, आणि हे भावोजींइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नाही. शंकाने प्रथिन दोन वेगवेगळ्या भांड्यांत शुद्ध केलं. एकात पहिल्यापासून मर्कॅप्टो, एकात अजिबात नाही. ते काम उरकल्यावर वजनाच्या यंत्रासमोर आम्ही तिघं उभे राहिलो. मर्कॅप्टोवाल्याचं वजन जेवढं हवं तेवढंच आलं. बिनमर्कॅप्टोवाल्याचं आलं बत्तीसने जास्त. भावोजींच्या खोलीत, भावोजींच्या यंत्रावर, त्यांच्या डोळ्यांदेखत. माझा जीव भांड्यात पडला. ठिपका गोंगाट नव्हता. मी शंकाच्या पाठीवर थाप मारली, आणि ती दचकली.

"पण मॅडम, ऑक्सिजन," ती म्हणाली.

त्या क्षणी मला तिचा गळा धरावासा वाटला. पण तिचं बरोबर होतं. मर्कॅप्टो पहिल्यापासून असेल, तर ते गंधकाला ऑक्सिजन चिकटूच देत नाही. म्हणजे दोन भांड्यांतला फरक ऑक्सिजनमुळेही पडू शकतो. आमचा ठिपका खरा ठरला होता, पण त्याचं नाव अजून ठरलं नव्हतं.

भावोजी हनुवटी खाजवत विचार करत होते. मग ते सावकाश म्हणाले, "जे जड भरलं, त्यातच आता मर्कॅप्टो घाल."

मला लगेच कळलं, शंकाला माझ्याही आधी. ऑक्सिजन चिकटायच्या आधी मर्कॅप्टो त्याला अडवू शकतं. पण गंधकाला दोन ऑक्सिजन एकदा चिकटले, की मर्कॅप्टोने ते सुटत नाहीत. गंधकावरचं गंधक मात्र सुटतं. बत्तीस तसंच राहिलं तर ऑक्सिजन, गेलं तर गंधक. म्हणजे ज्या बाटलीने आमचा ठिपका गिळला होता, तीच आता तो कोण होता ते सांगणार होती.

भावोजी बाटली उचलणार होते, पण शंकाने त्यांना थांबवलं. तिने ओढणी नाकाभोवती घट्ट बांधली, कपाटात हात घातले आणि थेंब स्वतःच घातला. नंतर थांबायचं होतं. भावोजींनी चहा मागवला. मी तो प्यायले की नाही ते मला आठवत नाही. शंका खिडकीपाशी कपाळ धरून उभी होती, डोकेदुखीने की भीतीने ते मी विचारलं नाही. मी मनातल्या मनात तिच्या परीक्षकांसाठी पत्र जुळवत होते, परीक्षा पुढे ढकलावी म्हणून, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच ओळीवर अडत होते.

यंत्राने आकडा दाखवला. बत्तीस गेलं होतं. सगळंच्या सगळं, मागे काही न ठेवता.

गंधक होतं ते. पहिल्यापासून गंधकच होतं.

मी शंकाकडे पाहिलं आणि ती आता काय विचारते याची वाट बघितली. तिने काहीच विचारलं नाही. ती जवळच्या खुर्चीवर बसली, ओढणी सोडली आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही डोळे पुसले. भावोजींनी आमच्याकडे पाठ करून बाटलीवरची चिठ्ठी उगीच सरळ केली.

जाताना ते मला घरी सोडायला आले. वर आले, बसले, चहाला हो म्हणाले आणि दोन कप प्यायले. मासिकाला पत्र आता दोन्ही प्रयोगशाळांनी मिळून लिहायचं ठरलं. पद्धतीतली चूक दुरुस्त करायची, आणि त्यांचा नाहीसा झालेला ठिपका पुरावा म्हणून आमच्या ठिपक्याशेजारी छापायचा. ते निघताना मी फ्रिजवरचा डबा उतरवला. मला स्वयंपाकाचा कंटाळा आहे, हे सगळ्या घराला माहीत आहे, तेव्हा हाताला लागली ती बिस्किटं भरली आणि डबा त्यांच्या हाती दिला. थोड्याच वेळात धाकटीचा फोन आला. बिस्किटं सादळली आहेत, म्हणाली. तिच्या आवाजावरूनच कळलं की घरी सगळं मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंका माझ्या खोलीत आली, नेहमीसारखी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर. दुरुस्तीच्या पत्रासाठी मी पद्धतीचा परिच्छेद नव्याने लिहायला घेतला होता, या वेळी कोणाकडे बोट न दाखवता. मी तिला बसायला सांगितलं.

"मर्कॅप्टो घालत नाहीस हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही ओरडाल म्हणून."

मी ओरडले असते. पहिल्याच आठवड्यात, घड्याळाच्या प्रश्नानंतर लगेच, मी तिला बजावलं होतं की या प्रयोगशाळेत द्रावणात कोणी हात घालायचा नाही. ती भिऊन गप्प राहिली आणि गुपचूप बरोबर ते करत राहिली, म्हणून आम्ही वाचलो. पुढच्या खेपेला कोणीतरी भिऊन गुपचूप चुकीचं करत राहील, आणि मला तेही कोणी सांगणार नाही. हे मला त्या बाटलीपाशी सुचलं नव्हतं. समोर तिला अवघडून बसलेली पाहिल्यावर सुचलं, आणि मनाला लागलं.

"आणखी काही आहे?" मी विचारलं. "मी सांगते एक आणि तू करतेस दुसरं, असं?"

मग तिने खुर्ची जरा पुढे ओढली.

"सेंट्रिफ्यूज मी तुम्ही सांगता त्यापेक्षा हळू फिरवते. जोरात फिरवलं की प्रथिनाच्या गुठळ्या होतात. आणि थंड खोलीतला पंप ना, तो..."

"थांब," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग. पेशी फोडतेस तिथपासून."

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. माझ्याच प्रयोगशाळेत काम कसं चालतं, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. पंपाच्या गोष्टीला मला ओठ चावावा लागला, पण मी एकदाही ओरडले नाही.